वागणुकीचे गुणपत्रक



बाई वर्गाबाहेर गेल्या की मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहायची, ही रीत आपल्या शाळेत आजोबांच्या काळापासून चालत आली आहे. ज्याचे नाव लागले तो म्हणतो, "मी बोललोच नाही, फक्त रबर मागितला." मॉनिटरच्या जिवलग मित्राचे नाव मात्र सहसा फळ्यावर दिसत नाही. हा अनुभव आपणां सर्वांना आहे.

ही गोष्ट आठवण्याचे कारण असे, की गेल्या पालकसभेत एक सूचना आली. प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षारंभी वर्तनाचे १०० गुण द्यावेत, उशिरा येणे, गणवेश नसणे, दंगा करणे यांसाठी ते कापावेत, वर्गांत कॅमेरे बसवावेत आणि दर शनिवारी यादी सूचनाफलकावर लावावी, अशी ती सूचना होती. विश्वस्त मंडळाने तीवर सर्वांची मते मागविली आहेत. त्याच सुमारास नववीच्या मुलांनी आम्हांला विचारले, "चीनमध्ये सरकार प्रत्येक माणसाला असेच गुण देते म्हणतात, ते खरे का?"

दोन्ही प्रश्न एकमेकांच्या जवळचे आहेत. म्हणून या अंकात आम्ही चीनची हकीकत जरा सविस्तर सांगत आहोत. तिच्यात खरे किती आणि ऐकीव किती, हेही पाहूया.

'पत' म्हणजे काय?

मराठीत 'पत' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. वाण्याकडे उधारी मिळते ती पतीवर, आणि चारचौघांत शब्दाला मान मिळतो तोही पतीवरच. म्हणून 'पतपेढी'तही पत आहे आणि 'त्याची समाजात पत गेली' या वाक्यातही पत आहे. चिनी भाषेतील 'शिन्-योंग' हा शब्द नेमका असाच दुहेरी आहे. त्यातील 'शिन्' हे अक्षर दोन चिन्हांचे बनले आहे, एक 'माणूस' आणि दुसरे 'बोलणे'. जणू माणूस आपल्या शब्दाशेजारी उभा आहे. यावरून चीन सरकारने जी व्यवस्था उभारायला घेतली, तिला आपण 'सामाजिक पत व्यवस्था' म्हणू.

१४ जून २०१४ रोजी चीनच्या मंत्रिमंडळाने, म्हणजे तेथील राज्य परिषदेने, या व्यवस्थेचा आराखडा मंजूर केला. सरकारी कारभार, व्यापार, समाजजीवन आणि न्यायदान अशी चार क्षेत्रे त्यात होती आणि २०२० पर्यंत पाया घालायचा होता. विश्वासू माणसाला सगळीकडे वाट मोकळी असावी आणि विश्वास मोडणाऱ्याला एक पाऊल टाकणेही कठीण व्हावे, असा या व्यवस्थेमागचा विचार सरकार वारंवार सांगत असे.

गरज का वाटली?

हे सारे केवळ लोकांना धाकात ठेवण्यासाठी निघाले, असे म्हणणे पुरेसे नाही. चीनमध्ये व्यापार झपाट्याने वाढला, पण विश्वास त्या वेगाने वाढला नाही. २००८ साली लहान मुलांच्या दूध पावडरीत मेलामाईन हे रसायन मिसळल्याचे उघडकीस आले. दुधात प्रथिने जास्त आहेत असे तपासणीत दिसावे, म्हणून ते घातले जात होते. सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा बालके दगावली. ज्या देशात आईला दुधाच्या डब्याची खात्री वाटत नाही, तेथे 'फसविणाऱ्यांची यादी करा' ही मागणी लोकांकडूनच येणार.

दुसरे दुखणे न्यायालयांचे होते. निकाल लागायचा, पण ऐपत असूनही हरलेला पक्ष पैसे द्यायचा नाही. अशा निर्ढावलेल्या देणेकऱ्याला चिनी बोलीत 'लाओ-लाय' म्हणतात.

गेनिया कोस्टका या बर्लिनच्या संशोधक प्राध्यापिकेने २०१८ साली चीनमधील दोन हजारांहून अधिक लोकांना या व्यवस्थेविषयी विचारले, तेव्हा सुमारे ८० टक्के लोकांनी ती पसंत असल्याचे सांगितले. ज्या देशात सरकारविरुद्ध उघड बोलणे अवघड आहे, तेथील उत्तरे जपूनच वाचावी लागतात. तरीही पसंती होती, हे नाकारता येत नाही. चांगल्या हेतूने मागितलेली गोष्ट पुढे कोठवर जाते, हाच पाहण्याचा भाग आहे.

देणेकऱ्यांची यादी

या व्यवस्थेचा सर्वांत धारदार भाग म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ पासून चालविलेली, निकाल न पाळणाऱ्यांची जाहीर यादी. तीत नाव गेले की विमानाचे तिकीट मिळत नाही, अतिवेगवान रेल्वेत बसता येत नाही, महागड्या हॉटेलात उतरता येत नाही आणि मुलांना भरमसाट शुल्काच्या खासगी शाळेत घालता येत नाही. २०१८ अखेरपर्यंत विमानाचे तिकीट नाकारण्याचे प्रसंग १ कोटी ७५ लाख आणि वेगवान रेल्वेचे तिकीट नाकारण्याचे प्रसंग ५५ लाख झाले, असे सरकारी अहवालातच आले आहे. हे माणसांचे आकडे नसून नकारांचे आहेत. एकाच माणसाला अनेकदा नकार मिळालेला असू शकतो.

काही शहरांत अशा लोकांची छायाचित्रे मोठ्या पडद्यांवर झळकविली गेली. काही ठिकाणी त्यांना फोन लावणाऱ्याला आधी 'ही व्यक्ती देणे बुडविणारी आहे' अशी ध्वनिफीत ऐकू येई.

पैसे असून न देणाऱ्याला चाप बसावा, हे कोणालाही पटेल. पण २०१७ साली लिऊ हू नावाच्या पत्रकारांना विमानाचे तिकीट काढताना एकाएकी कळले, की आपले नाव यादीत आहे. अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्यांना माफी मागायला सांगितले होते. ती त्यांनी मागितलीही, पण ती पुरेशी नाही असे ठरले. नाव यादीत घातल्याचे आपल्याला कोणी कळविलेच नाही, असे त्यांचे म्हणणे. लाच आणि गैरकारभार यांच्या बातम्या देणारा माणूस आणि कर्ज बुडविणारा व्यापारी एकाच यादीत बसले.

२०१८ साली आणखी एक बातमी गाजली. एका मुलाला बीजिंगच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, पण वडिलांचे नाव या यादीत असल्याने प्रवेश अडेल असे घरी कळविण्यात आले. वडिलांनी घाईने कर्ज फेडले. वसुली झाली हे खरे. पण परीक्षा मुलाने दिली होती आणि कर्ज वडिलांचे होते, हा प्रश्न चीनमधील लोकांनीही तेव्हा विचारला.

हजार गुणांचे गाव

आता नववीच्या प्रश्नाकडे वळू. चीनमधील प्रत्येक नागरिकाला एक राष्ट्रीय गुणसंख्या आहे, ही समजूत चुकीची आहे. अशी एकच गुणसंख्या कधीच लागू झाली नाही. राष्ट्रीय पातळीवर ज्या नोंदी आहेत, त्यांतील बराच मोठा भाग कंपन्यांविषयी आहे. कर भरला का, भेसळ केली का, प्रदूषण केले का, अशा स्वरूपाच्या त्या नोंदी असतात.

मग गुणांची गोष्ट आली कोठून? एक उगम खासगी आहे. अलिबाबा समूहाशी संबंधित कंपनीने २०१५ साली 'सेसमी क्रेडिट' नावाची ३५० ते ९५० गुणांची सेवा काढली. गुण जास्त असतील तर अनामत न भरता सायकल भाड्याने मिळे. ही सेवा ऐच्छिक आणि व्यापारी होती, पण परदेशी बातम्यांत ती सरकारी म्हणून मिसळली गेली.

दुसरा उगम मात्र खरोखर सरकारी आहे. काही शहरांनी आणि जिल्ह्यांनी आपापले प्रयोग केले. शांडोंग प्रांताच्या पूर्व टोकाला समुद्रकाठी असलेल्या रोंगछंग शहरात प्रत्येक प्रौढाला १,००० गुण देऊन सुरुवात झाली. वाहतुकीचा नियम मोडला की ५ गुण वजा. शहरपातळीवरचे शौर्याचे किंवा सेवेचे पारितोषिक मिळाले की ३० गुण जमा. बेरजेवरून 'एएए'पासून 'डी'पर्यंत श्रेणी ठरे. वरच्या श्रेणीला हिवाळ्यात घर गरम ठेवण्याच्या बिलात सवलत आणि बँकेत बऱ्या अटींवर कर्ज मिळे. खालच्या श्रेणीला या वाटा बंद होत.

त्याही आधी, २०१० साली, जिआंगसू प्रांतातील स्वेइनिंग जिल्ह्यात असाच प्रयोग झाला होता. तेथे १४ वर्षांपासूनची मुलेही धरली होती. कर्ज थकविले, दारू पिऊन गाडी चालविली, तर गुण जात. इथवर ठीक. पण सरकारी कचेरीपुढे जमून गाऱ्हाणे मांडले, तरीही गुण जात. येथे हेतूचे खरे रूप दिसले. कर्ज बुडविणे आणि तक्रार करणे ही दोन्ही एकाच खात्यातील वजाबाकी झाली. यावर खुद्द चीनच्या वृत्तपत्रांनी झोड उठविली. जपानी सैन्याने चीन व्यापला असताना लोकांना 'चांगला नागरिक' असल्याचे दाखले बाळगावे लागत, त्यांच्याशी या प्रकाराची तुलना झाली आणि ती श्रेणीपद्धत मागे घ्यावी लागली.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य परिषदेनेच बजावले, की कायद्यात आधार असल्याशिवाय कोणाचे नाव काळ्या यादीत घालू नये आणि मनमानी शिक्षा जोडू नयेत. अनेक ठिकाणी अधिकाऱ्यांनी अतिरेक केला होता, याची ही एका अर्थी कबुलीच होती.

कॅमेरा चुकतो तेव्हा

गुण देणे वेगळे आणि नजर ठेवणे वेगळे. पण नजर असल्याशिवाय गुण देता येत नाहीत, म्हणून दोन्ही एकत्र नांदतात. चीनच्या शहरांत रस्त्यारस्त्यावर कॅमेरे आहेत. लाल दिवा असताना रस्ता ओलांडणाऱ्याचा चेहरा ओळखून तो चौकातील पडद्यावर दाखविण्याचा प्रयोग काही शहरांनी केला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये निंगबो शहरात या यंत्राने दोंग मिंगचू या प्रसिद्ध उद्योजिकेला पकडले. पडद्यावर त्यांचा चेहरा झळकला, नियम मोडल्याची नोंदही झाली. प्रत्यक्षात बाई त्या चौकात नव्हत्याच! शेजारून एक बस गेली होती आणि तिच्या अंगावरील जाहिरातीत त्यांचे छायाचित्र होते. पोलिसांनी चूक मान्य करून नोंद पुसली. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग खो खो हसला. पण दोंग बाई एका मोठ्या कंपनीच्या प्रमुख होत्या, म्हणून चूक लगेच दुरुस्त झाली. एखाद्या भाजीवालीच्या बाबतीत हे झाले असते तर तिने कोणाचे दार ठोठवायचे?

हसण्यासारखे काहीच नसलेला भाग वायव्येकडील शिनजिआंग प्रांतात आहे. तेथील उईगूर आणि इतर मुस्लिम लोकांवर पोलिसांची एक संगणकीय यंत्रणा नजर ठेवते. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने पोलिसांच्या हातातील मोबाईल कार्यक्रम तपासून २०१९ साली अहवाल काढला. शेजाऱ्यांशी फारसे न मिसळणे, घराच्या पुढच्या दाराने येणे-जाणे टाळणे, नेहमीपेक्षा जास्त वीज वापरणे अशा गोष्टीही त्या यंत्रणेत संशयाची खूण ठरत होत्या. यात गुण कापले जात नाहीत, तर दारात पोलीस येतात, आणि अनेकांना बंदिस्त छावण्यांत जावे लागले. चीन सरकार ही उपाययोजना दहशतवादाविरुद्ध असल्याचे सांगते. पण मागच्या दाराने ये-जा करणे हा गुन्हा कोणत्या कायद्यात लिहिला आहे?

वाड्यातील नजर आणि सरकारची नजर

येथे एक आजोबा आम्हांला म्हणाले, "आमच्या वाड्यातही सगळ्यांची सगळ्यांवर नजर असायची. कोणाचा मुलगा सिनेमाला गेला, हे तो घरी यायच्या आत आईला कळायचे. त्यात काय बिघडले?"

आजोबांचे म्हणणे खोटे नाही. पण वाड्यातील नजर ओळखीची होती. मुलगा उशिरा आला तर त्याचे वडील आजारी आहेत, हेही शेजारणीला ठाऊक असे. ती रागावे आणि रात्री खिचडीही पाठवी. शिवाय वाडा विसरत असे. चौदाव्या वर्षी काच फोडणारा मुलगा चाळिसाव्या वर्षी त्याच वाड्याच्या गणेशोत्सवाचा अध्यक्ष होई आणि काचेची गोष्ट नुसती हसण्यापुरती उरे. संगणकातील नोंदीला ना ओळख असते ना विसर. तिला 'का' कळत नाही, केवळ 'किती' कळते.

चित्रगुप्ताची वही आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ती वही देवाघरची, तिच्यात मनातला हेतूही लिहिला जातो अशी श्रद्धा. माणसाने लिहिलेल्या वहीत चुका असणारच. म्हणून ती तपासण्याचा आणि खोडण्याचा हक्क लागतो.

आपल्या देशात काय?

गुणांची पद्धत आपल्याकडे अजिबात नाही असे नाही. कर्ज काढणाऱ्या पालकांना ३०० ते ९०० गुणांचा 'सिबिल स्कोअर' ठाऊक आहे. पण तो फक्त कर्ज आणि त्याची परतफेड यांपुरता असतो. २००५ च्या कायद्याने त्याला चौकट आहे, वर्षातून एकदा अहवाल विनामूल्य मागता येतो आणि चूक असल्यास दुरुस्ती मागता येते. चौकातील कॅमेऱ्यावरून ई-चलन घरी येते, तेव्हा ठरावीक नियम मोडल्याचा ठरावीक दंड असतो. तो भरला की विषय संपतो. चलन आले म्हणून मुलीचा शाळाप्रवेश अडत नाही. निरनिराळ्या वह्या निरनिराळ्या ठेवणे, हीच येथील मोठी सुरक्षा आहे. त्या एकत्र शिवल्या की गुणपत्रक तयार होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खटला निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी आणला होता. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. शाळांना शिक्षण आणि सुरक्षितता एवढ्याच कामापुरती मोकळीक आहे. याच कायद्यात सरकारी यंत्रणांना मात्र बरीच सूट मिळू शकते, आणि त्यावर जाणकारांनी टीकाही केली आहे. युरोपीय संघाने तर वागणुकीवरून माणसांना गुण देऊन त्यांचे अन्यत्र नुकसान करणाऱ्या यंत्रणांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली आहे.

आपल्या शाळेपुरते

आता पालकसभेतील सूचनेकडे येतो. ज्यांनी ती मांडली त्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी आम्हांला शंका नाही. शिस्त हवी, उशीर नको, मारामारी तर नकोच. फाटकावर आणि जिन्यात सुरक्षिततेसाठी कॅमेरा असावा, यासही आमची हरकत नाही. पण विश्वस्तांनी निर्णय घेण्यापूर्वी चीनच्या अनुभवातून निघणारे चार प्रश्न स्वतःला विचारावेत, ही नम्र विनंती.

पहिला प्रश्न, नोंद नेमकी कशाची? उशिरा येणे आणि शिक्षकांना उलट प्रश्न विचारणे ही एकाच खात्यातील वजाबाकी ठरू नये. स्वेइनिंगची चूक तीच होती.

दुसरा प्रश्न, मुलाला आपली बाजू मांडता येईल का? गावाबाहेरून दोन बसगाड्या बदलून येणारी मुले आपल्याकडे आहेत. त्यांचा उशीर आणि शाळेसमोर राहणाऱ्याचा उशीर सारखा नाही.

तिसरा प्रश्न, एका गोष्टीची शिक्षा दुसरीकडे जाईल का? वर्तनाचे गुण कमी म्हणून स्नेहसंमेलनात भाग नाही, सहलीला जागा नाही, असे होऊ लागले तर ती यादी शिस्तीची राहणार नाही.

चौथा प्रश्न, नोंद पुसली केव्हा जाईल? सहावीतील चूक दहावीत कोणी वाचू नये.

आणखी एक गोष्ट मुलांसाठी. गुणांसाठी केलेला चांगुलपणा गुण थांबले की थांबतो. गेल्या पावसाळ्यात आठवीच्या दोन मुलींनी पाण्यातून वाट काढत एका आजींना रस्ता पार करून दिला. ती गोष्ट आम्हांला आजींकडून कळली, मुलींनी सांगितली नाही. फलकावर त्यांचे दहा गुण वाढविले असते, तर पुढच्या वेळी त्यांनी आधी इकडेतिकडे कोणी पाहते आहे का ते पाहिले असते. असे आम्हांला वाटते, आपणांस काय वाटते ते कळवावे.

नववी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर एक पान लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. सूचनेच्या बाजूने लिहिलेलेही अवश्य द्यावे. निवडक पत्रे पुढील अंकात छापू आणि सर्व पत्रे विश्वस्त मंडळापुढे ठेवू. लिहिणाऱ्याने नको म्हटल्यास नाव छापणार नाही.

मॉनिटरच्या यादीत एक गोष्ट मात्र चांगली होती. शाळा सुटताना कोणीतरी डस्टर घेऊन फळा पुसत असे, आणि सकाळी तो सर्वांसाठी कोरा असे. नवी पद्धत आणायचीच असेल, तर डस्टर कोणाच्या हातात राहील हे आधी ठरवावे.